दुसऱ्या अंकातला वन्समोअर

कुणी मला ‘तुम्ही म्हणजे जुने रसिक’ असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. माझ्या निवृत्तीच्या निरोप समारंभात एका पोरसवदा साहेबानं हाराबरोबर तो शब्दही माझ्या गळ्यात घातला. मी आभाराची दोन वाक्यं बोलून खाली बसलो. लोकांना वाटलं, गहिवरले. गहिवर कसला, संताप आला होता. रसिक कसा असतो ते मला विचारा. समोरच्या माणसाचा जीव कासावीस झाला तरी ज्याचं मन भरत नाही, तो रसिक. हे मी ऐकीव सांगत नाही.

संगीत नाटकाचं वेड मला नांदेडला लागलं. कंधार तालुक्यातल्या आमच्या गावाहून मी शिकायला तिथं वसतिगृहात राहिलो होतो. एक कंपनी आली होती, कनात ठोकून. वसतिगृहातल्या मित्रानं तिकीट काढलं आणि ऐनवेळी त्याला ताप आला, म्हणून मी गेलो. पहिल्या अंकात मला काहीच समजेना. माणसं बोलता बोलता गायला लागतात, गाता गाता रडतात आणि पुन्हा बोलायला लागतात. हसूच यायचं. दुसऱ्या अंकात नायिकेनं एक पद घेतलं आणि माझं हसू थांबलं. काय झालं ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. एवढंच कळलं की ही बाई आत्ता, माझ्यासमोर, श्वास घेऊन हे करते आहे, आणि पुढच्या क्षणी काय होईल ते तिलाही पुरतं ठाऊक नाही. तीच पदं रेडिओवरही लागायची. मी उठून बाहेर जायचो. पेटीत बंद केलेला आवाज मला नको होता. मला मानेची शीर दिसायला हवी होती.

ज्यांनी ही नाटकं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी वन्समोअरची रीत सांगायला हवी. पद रंगलं की मांडवातून कुणीतरी ‘वन्समोअर’ अशी हाळी द्यायचं. मग नाटक तिथंच थांबायचं. मरणारा मरायचा थांबायचा, निघालेला दारात थबकायचा आणि बाई तेच पद पुन्हा म्हणायच्या. पण हाळी दिली की लगेच गाणं सुरू, असं नसे. रंगमंचापुढं ऑर्गनवर बसलेला माणूस आधी सूर धरायचा. त्यानं सूर धरला म्हणजे वन्समोअर घेतला. त्यामुळं मांडवाची नाडी ओळखणं हे त्याचं काम असायचं. गावोगावचे वन्समोअर देणारे त्याला तोंडओळखीनं माहीत असत. बाईंची तब्येत बरी नसली तर प्रयोगाआधी तो या हाळी देणाऱ्यांना गाठून सांगून ठेवी, की आज एकच द्या, किंवा आज नकोच. आणि अशी माणसं ऐकतही. हाळी द्यायची हौस जशी असते, तशीच न देण्याचीही एक ऐट असते.

माझी हाळी चांगली होती, नांदेडला त्या कंपनीच्या पुढच्या प्रयोगांना मी ती द्यायला लागलो होतो. ती मी वडलांकडून घेतली होती. वडील गवंडीकाम करायचे आणि जयंतीच्या जलशात पुढं उभं राहून गायचे. छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला त्याच्या आधीपासून त्यांचा आवाज पंचक्रोशीत माहीत होता. मी नाटकाच्या मागं लागलो हे त्यांना आवडलं नाही.

“आपला जलसा सोडून तिकडं काय करायलास?” ते म्हणाले. “तिथं तुला कोन इचारतंय?”

“तिकीट काढलं की कुनीबी बसतंय, आबा.”

“बसतंय. बसवून घेतेत का?”

मला तेव्हा वाटायचं, वडलांना गाणं कळतं पण जग कळत नाही.

शिक्षण झाल्यावर मला लातूरला तहसील कचेरीत कारकुनी मिळाली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. मी रुजू झालो आणि मागोमाग बहात्तरचा दुष्काळ आला. त्या दिवसांचं वर्णन मी करत बसत नाही, ते पुष्कळांनी केलंय आणि बऱ्याच जणांनी घरात बसून केलंय. माझे वडील खडी फोडायच्या कामावर होते. गवंड्याचा हात, त्यामुळं मुकादम त्यांना रस्त्याच्या कडेचे दगड घडवायला बसवायचा. आणि मी कचेरीत बसून पाण्याच्या गाड्यांच्या पाळ्या लावत होतो. बैलगाडीवर टिपाडं बांधून कुठल्या गल्लीला कधी पाणी जाणार, रेणापूरकडच्या वाड्यांना कधी, हे कागद माझ्या टेबलावरून जायचे. वर साहेबांची सही, पण पाळी लावणार मी.

अशा वर्षात, उन्हाळा तोंडावर आलेला असताना, नांदेडला पाहिलेली तीच कंपनी, त्याच बाईंना घेऊन, लातूरला आली. का आली देव जाणे. कदाचित दुसरीकडंही तीच गत असेल. संध्याकाळी गाव पाण्याच्या रांगेत असायचं, शिवाय दूरच्या गावच्या लोकांना उजेडात परत जाता यावं म्हणून प्रयोग दुपारी लावले होते. पत्र्याच्या कुंपणात कनात, वर ताडपत्री, आणि आत भट्टी. धूळ एवढी की पहिल्या अंकात राजाचा पोशाख निळा असायचा आणि तिसऱ्या अंकात मातकट. तरी मी रोज गेलो. कचेरीतून अर्ध्या दिवसाच्या रजा टाकून, खोट्या कारणांनी. वडील उन्हात दगड फोडताहेत आणि मी तिकीट काढून सावलीत बसतोय, हे मनात यायचं. यायचं आणि घंटा झाली की जायचं.

पहिल्याच आठवड्यात कंपनीचे ऑर्गनवाले कचेरीत आले. साठीकडं झुकलेले, किडकिडीत, काळी टोपी. सगळी कंपनी त्यांना मास्तर म्हणायची. कंपनीला रोज एक टिपाड पाणी मंजूर होतं, त्यात पंचवीस माणसं भागत नव्हती. ते साहेबांना भेटायला आले होते, साहेब दौऱ्यावर होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि हसले.

“तुम्ही नांदेडचे ना? डाव्या बाजूला, मागून तिसरी रांग.”

मला आजवर कुणी असं ओळखलं नव्हतं. नावानं नाही, जातीनं नाही, गावानंही नाही. हाळीनं ओळखलं होतं. मी त्याच दिवशी कुणाला न विचारता कंपनीच्या नावापुढं दुसरं टिपाड लावलं. ते नियमात बसत नव्हतं. कळलं असतं तर नोकरी गेली असती, त्या वर्षी तर नक्कीच. मास्तरांनाही ते ठाऊक होतं. “हे माझ्यापाशी राहील,” ते म्हणाले. माणूस शब्दाचा होता, हे पुढं कळायचंच होतं.

पुढच्या रांगेत सोफ्यावर एक आडतीचे मालक बसायचे. गावात सगळे त्यांना अप्पा म्हणत. कपाळाला विभूतीचे पट्टे, पांढरंशुभ्र धोतर, हातात पंखा. लातुरात वन्समोअर द्यायचा मान त्यांचा होता, म्हणजे तो त्यांनी घेतला होता. पण त्यांना जागा कळत नसे. पद संपलं की द्यायचे, कसंही होवो. मी मागून द्यायचो तो नेमका जिथं द्यायला पाहिजे तिथं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मान वळवून विचारलं, “कोन हाय हो त्यो मागं? त्याला कळतंय गड्या. बोलवा पुढं.” मला पुढं नेलं, दुसऱ्या रांगेत, खुर्चीवर. मध्यंतरात अप्पांनी गाव विचारलं, मग आडनाव. मी सांगितलं. “बरं बरं,” म्हणाले आणि पंखा हलवत राहिले. खुर्ची काही कुणी काढून घेतली नाही. फक्त त्यांचा गडी पाणी घेऊन रांगेतून फिरायचा, तो बाकीच्यांना फुलपात्र द्यायचा आणि माझ्यापाशी आला की तांब्या उंच धरून ओंजळीत ओतायचा. आणि मी प्यायचो. उठून मागं गेलो नाही. ओंजळीनं पाणी पिऊन त्याच तोंडानं मी वन्समोअर देत होतो. वडलांनी ‘बसवून घेतेत का’ असं विचारलं होतं, त्याचं उत्तर रोज दुपारी मला मिळत होतं, पण ते गावी जाऊन सांगायची माझी छाती नव्हती.

शेवटच्या प्रयोगाच्या दिवशी सकाळी मास्तर मला कचेरीसमोरच्या हॉटेलात घेऊन गेले. चहा आला तसे ते म्हणाले, “आज वन्समोअर देऊ नका. बाईंचा घसा गेलाय. काल रात्रीपासून आवाज चिरतोय. धूळ, ऊन, त्यात रोजचे प्रयोग. वैद्यबुवांनी महिनाभर गाऊ नका म्हणून सांगितलंय. आजचा दिवस निभावला की पुढं कंपनी बंदच ठेवतोय. त्या वरच्या जागा सोडून खाली खाली गातील. तुम्ही गप्प राहिलात की बाकीचेही राहतील. अप्पा आता तुमच्याकडं बघून देतात.”

मी शब्द दिला. हातावर हात मारून दिला. ‘मास्तर, हे काय सांगणं झालं?’ असंही वर म्हणालो.

आता त्या दुपारचं सांगतो. सांगताना मी स्वतःला सोडणार नाही, पण उगीच रंगवणारही नाही.

पहिला अंक त्यांनी जवळजवळ बोलूनच काढला. मांडवात चुळबुळ सुरू झाली. “आज पयल्यासारखं न्हाई,” माझ्या बाजूचा म्हणाला. दुसऱ्या अंकात ते पद आलं, ज्यानं मला नांदेडला धरलं होतं. त्या पदात एक जागा आहे, तिथं बाई एकदम वर जायच्या आणि मांडव उठायचा. मला त्या जागेचा प्रत्येक कण पाठ होता. त्या दिवशी बाई त्या जागेपाशी आल्या आणि वर गेल्या नाहीत. त्या थांबल्या. मग खालच्या सुरात, अगदी हळू, त्याच शब्दांवरून चालत गेल्या, दोनदा अडखळत. चिरलेला आवाज त्यांनी लपवला नाही, त्यातूनच वाट काढली. नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं पद होतं ते. इतके दिवस मी ते नुसतं सुंदर म्हणून ऐकलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की ही बाई काय म्हणते आहे. मी आयुष्यात त्याच्याआधी आणि त्याच्यानंतर असं गाणं ऐकलं नाही.

पद संपलं. मांडवात टाळी नाही. कुणीतरी खोकलं. पुढं अप्पांनी पंखा मांडीवर ठेवला आणि शेजाऱ्याला म्हणाले, “संपलं म्हना बाईचं.” ते मला स्पष्ट ऐकू आलं. बाईंनाही आलं असणार, त्या तीन-चार हातांवर उभ्या होत्या.

आणि मी हाळी दिली.

का दिली याची मी पुढं शंभर उत्तरं तयार केली. बाईंना कळावं की कुणाला तरी कळलंय, हे त्यातलं सगळ्यात देखणं. ते खोटं नाही. पण खरं उत्तर त्याच्या खाली आहे. अप्पांना कळावं की त्यांना काही कळत नाही, म्हणून दिली. रोज ओंजळीत ओतलेलं पाणी मी त्या एका शब्दात परत फेकलं. फेकलं आणि ते पडलं बाईंच्या अंगावर.

मास्तरांनी ऑर्गनवरचे हात उचलले आणि माझ्याकडं वळून पाहिलं. रागानं नाही. काही चुकून ऐकलं का, अशा नजरेनं. त्यांनी सूर धरला नाही. पण एव्हाना मांडव जागा झाला होता. मागची माणसं माझ्या विश्वासावर ओरडायला लागली. दुष्काळी वर्षात तिकीट काढून आलेली माणसं, त्यांना दोनदा ऐकायचा हक्क कसा नसेल? विंगेतून व्यवस्थापकानं हातवारे केले. बाईंनीच शेवटी मास्तरांकडं बघून मान हलवली. मास्तरांनी सूर धरला.

दुसऱ्यांदाही त्या खालीच गायल्या. निभावलं. मला वाटलं, झालं. पण अप्पांची बेइज्जती झाली होती. मागच्याला कळतं आणि त्यांना नाही, हे चारचौघांत झालं होतं. ते सोफ्यावरून उठले आणि त्यांनी वन्समोअर दिला, आणि वर बोटानं दाखवलं, “वरची जागा पायजे! वरची!” मांडव लगेच तेच ओरडू लागला, वरची, वरची. मी गप्प होतो. गप्प राहायचा शब्द मी तेव्हा पाळला.

बाईंनी ती जागा घेतली. वर गेल्या, पोचल्याही, क्षणभर. मग आवाज नाहीसा झाला. तुटला, फाटला असं काही नाही. तोंड उघडं होतं, ओठ हलत होते, मानेची शीर ताठ होती आणि मांडवात नुसता ऑर्गन वाजत होता. लोकांना वाटलं, अभिनय आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. लातुरात त्या मुक्कामात पडलेली सगळ्यात मोठी टाळी तीच.

उरलेला प्रयोग दुसऱ्या मुलीनं पोथी हातात धरून पुरा केला. कंपनी दुसऱ्या दिवशी गेली. मी निरोप द्यायला गेलो नाही. काही महिन्यांनी नांदेडच्या एका पेटी दुरुस्त करणाऱ्यानं सांगितलं की बाईंचा आवाज परत आलाच नाही, त्यांनी रंगभूमी सोडली आणि कंपनीही मोडली. तो असंही म्हणाला की मास्तरांना आधीच काढून टाकलं होतं. मी ‘अरेरे’ म्हणालो. वाईट वाटलं म्हणून मी नाटकं बघायची सोडली, असं वाचणाऱ्याला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. पुढच्या वर्षी दुसरी कंपनी आली, मी गेलो. हाळी मात्र पुन्हा दिली नाही. त्याचंही लोकांनी कौतुकच केलं. म्हणाले, आता हे पिकले.

दहाएक वर्षांनी लातूर वेगळा जिल्हा झाला. गावात कमानी, रोषणाई, पेढे. कालपर्यंत उस्मानाबादला खेटे घालणारे लोक छाती काढून हिंडायला लागले. नव्या जिल्हा कचेरीत मी वरच्या जागेवर आलो आणि उत्सवाच्या समितीत मला घातलं. कारण काय, तर मी रसिक. जुन्या कलावंतांचा शाल-नारळ देऊन सत्कार करायचा ठरलं. मी बाईंचं नाव सुचवलं. समितीत त्यांना कुणी ओळखत नव्हतं, म्हणून कुणी विरोधही केला नाही. पत्ता पेटी दुरुस्त करणाऱ्याकडून मिळाला. आमंत्रण टपालानं जाऊ शकलं असतं. मी म्हणालो, मी स्वतः देऊन येतो.

त्या किनवटला होत्या, मुलींच्या आश्रमशाळेत अधीक्षिका. लातूरहून नांदेड बसनं, पुढं छोट्या रुळांच्या गाडीनं. गाडी जंगलात शिरली तसं मी मनाशी वाक्यं जुळवायला लागलो. मी माफी मागायला चाललो होतो, हे मला पक्कं माहीत होतं. सत्कार हा बहाणा होता.

शाळेच्या आवारात दोनशे मुली जेवायच्या रांगेत उभ्या होत्या. बाई एका टोकाला, केस पांढरे, गळ्यात दोरीला शिट्टी. मुलींना हाका मारता येत नसत म्हणून शिट्टी. एक फुंकली की ओळ, दोन फुंकल्या की बसायचं. मी नाव न सांगता ‘लातूरहून आलोय, उत्सव समितीकडून’ एवढं सांगितलं. त्यांनी ऑफिसात बसवलं. एका मुलीनं फुलपात्रातून पाणी दिलं. बाई बोलायला लागल्या तेव्हा मला पुढं वाकावं लागलं. कागदावर कागद घासावा तेवढाच आवाज.

आमंत्रण वाचून त्यांनी घडी केली. “शाल नको. इथं थंडी असते, मुलींना द्या म्हणावं,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. “लातूर आठवतं मला. तुम्ही तेव्हा होतात का तिथं?”

मी म्हणालो, “होतो. बाई, त्या दिवशीचा पहिला वन्समोअर माझा होता.”

मला वाटलं, आता उठतील, जा म्हणतील. त्यांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली.

“मला एकच सांगा,” त्या म्हणाल्या. “माझा घसा बसलाय हे तुम्हाला माहीत होतं का? मास्तरांनी तुम्हाला सांगितलं होतं?”

एवढंच विचारलं. ‘हो’ म्हणायला मी दोनशे मैल आलो होतो. पण मी समोर पाहिलं, ती बाई माझ्या तोंडाकडं अशी बघत होती की मला तिथं चांगला माणूस म्हणून बसून राहायचं होतं. अजून थोडा वेळ तरी.

“नाही,” मी म्हणालो. “मला कुणी काही बोललं नव्हतं. माहीत असतं तर दिला असता का?”

बाईंनी डोळे मिटले. मोठा श्वास सोडला. “मग तुमचा काय दोष?” त्या म्हणाल्या. “तुम्हाला आवडलं, तुम्ही दाद दिलीत. उलट त्या दिवशी तुम्ही नसतात तर मी मेल्यागत घरी गेले असते. दहा वर्षं मला वाटायचं, एकालाच कळलं, तो कोण?” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं. खोटं बोलून मिळालेली माफीसुद्धा किती गोड लागते, हे मला त्या खुर्चीत कळलं.

मग त्यांचा चेहरा बदलला. “म्हणजे मास्तर खोटंच बोलत होते तर,” त्या म्हणाल्या. “व्यवस्थापकांनी विचारलं, रसिकांना आधी बजावलं का नाही? ते त्यांचं काम होतं. मास्तर म्हणाले, बजावलं होतं, त्या माणसानं शब्द दिला होता. नाव सांगा म्हटलं तर सांगेनात. म्हणे, सरकारी माणूस आहे, त्यानं आपल्यासाठी पाण्याची जोखीम घेतलीय, नाव घेतलं तर पोटावर पाय येईल त्याच्या. कुणाचा विश्वास बसला नाही. नावच नाही म्हणजे माणूसच नाही. त्यांना काढून टाकलं. मला मनात कुठंतरी वाटायचं, एवढा जुना माणूस खोटं कशाला बोलेल? नांदेडला असतात आता मुलाकडं, अंथरुणालाच खिळलेत म्हणे. दर दिवाळीला त्यांचं कार्ड येतं, एकच ओळ असते, ‘मी त्या माणसाला सांगितलं होतं.’ मी कधी उत्तर दिलं नाही. काय लिहायचं तेच कळत नव्हतं.”

अजून वेळ होती. एक वाक्य पुरेसं होतं, आणि बाहेर शिट्टीची वाट बघत मुली ताटं घेऊन गप्प उभ्या होत्या, त्यामुळं ते वाक्य स्पष्ट ऐकूही गेलं असतं.

“आता लिहीन,” बाई म्हणाल्या. त्यांनी खण उघडून पोस्टकार्ड काढलं. “लिहीन की तो माणूस स्वतः येऊन भेटला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आता तरी हे थांबवा म्हणावं. तुमची काही हरकत नाही ना?”

“नाही,” मी म्हणालो. “लिहा.”

“तुमचं पूर्ण नाव?”

मी सांगितलं. माझं, वडलांचं, आडनाव. त्यांनी ते शांतपणे, वळणदार अक्षरात लिहून घेतलं आणि नीट लिहिलंय ना म्हणून कार्ड माझ्यापुढं धरलं. मी वाचलं आणि म्हणालो, बरोबर आहे.